आडावरचा नियम

मी वाचायला शिकले ती पत्रिकांवर. शाळेचं पुस्तक नंतर आलं. वडील सुवार्तिक होते. उदगीर आणि देवणीच्या मधलं आमचं गाव आणि आजूबाजूच्या वाड्या सायकलीवर पालथ्या घालून ख्रिस्ताची सुवार्ता सांगणं हे त्यांचं काम. घरात एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात सुतळीनं बांधलेले, लोकांना वाटायच्या पत्रिकांचे गठ्ठे. दारू पिणाऱ्यासाठी वेगळी पत्रिका, आजाऱ्यासाठी वेगळी, ज्याच्या घरी मौत झाली आहे त्याच्यासाठी काळ्या चौकटीची. इतर मुली भातुकली मांडायच्या. मी त्या गठ्ठ्यांचं दुकान मांडायची आणि गिऱ्हाइकाला विचारायची, "तुमचं दुःख कोणतं?"

संध्याकाळी ओट्यावर शेंगा फोडता फोडता वडील माझी तयारी घ्यायचे. मधेच आवाज बदलायचा त्यांचा.

"मी दारुडा हाय. सांग पोरी, तुझा देव दारूवर काय म्हणतो?"

"आधी चप्पल नीट घाला, उलटी घातलीय."

आतून आई म्हणायची, "विचार त्या दारुड्याला, भाकरी किती टाकू?"

वडील हसायचे, पण उत्तर घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत. मग ते शेतकरी व्हायचे, बौद्धवाड्यातले गुरुजी व्हायचे, देव न मानणारा कॉम्रेड व्हायचे. म्हणायचे, "संधी चिठ्ठी पाठवून येत नाही. एसटीत शेजारी बसलेला माणूस त्याचं गाव येईपर्यंतच आपला असतो. तेवढ्यात तुला सांगता आलं पाहिजे." दारुडा आणि शेतकरी मला सोपे जायचे. कॉम्रेडला हरवायला वेळ लागला, पण दहावीपर्यंत तोही हरू लागला. मी जिंकले की वडील मान हलवायचे. त्यांना आनंद झाला की नाही, हे मला कधी नीट कळलं नाही.

त्यांची स्वतःची सवय वेगळीच होती. रोज पहाटे ते उंबऱ्यावर अनवाणी बसायचे, हात मांडीवर उताणे ठेवून, काही न बोलता. मला वाटायचं, झोप उडवत आहेत. एकदा विचारलं तर म्हणाले, "आज कोण भेटणार आहे मला ठाऊक नाही. तो भेटायच्या आधी माझी बडबड संपवून घेतो." मी हसले होते. बोलणं हेच ज्याचं काम, तो बडबड संपवून काय करणार?

मी अकरावीत असताना आई गेली. तिनं कधी कुणाला पत्रिका दिलेली मला आठवत नाही.

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला. गावात पेढे वाटले, दुकानांच्या पाट्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं रंगवलं, भाषणं झाली. आता कचेरी जवळ आली, आता सगळं जवळ येईल, असं लोक म्हणत होते. त्या वर्षी पाऊस आला नाही. पुढच्या वर्षी नावापुरता आला. टँकरचा अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, हे कळेपर्यंत अर्धा उन्हाळा निघून गेला. देवणी जातीची जनावरं, ज्यांचा आमच्याकडं केवढा अभिमान, ती कातडं हाडांवर टाकल्यासारखी उभी राहायची आणि एक दिवस बसली की पुन्हा उठायची नाहीत.

पाणी राहिलं ते आमच्या आडाला. त्याचं कारण लिहिलंच पाहिजे. गावानं आमच्या आजा-पणजांना सगळ्यात खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी ढकललं होतं. तिथंच ते ख्रिस्ती झाले, तिथंच चर्चचं कंपाउंड झालं, तिथंच त्यांनी पिण्याच्या पाण्यासाठी हा आड खणला. वरच्या अंगाच्या विहिरी कोरड्या पडल्या आणि गावानं ज्यांच्या हातचं पाणी कधी घेतलं नव्हतं, त्यांच्या दारात गाव घागरी घेऊन आलं.

आलं, पण स्वतःचा दोर आणि स्वतःचा पोहरा घेऊन. आमच्या दोराला हात नको, आमच्या पोहऱ्यातलं पाणी नको, पाणी मात्र आमच्या आडातलं हवं. माझ्या अंगाची आग झाली. रहाटाजवळ उभी राहून मी सांगितलं, "इथं दोर एकच. पोहरा एकच. पटत असेल तर भरा."

रांगेत पुढं एक शेतकरी घरातली म्हातारी होती, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "आज दोराला हात लाव म्हणताव, उद्या नाव बदल म्हणताल. पाणी पाजायचं अन् बाटवायचं. मालूम हाय आमाला."

हे मला लागलं. दाण्यासाठी धर्म सोडलेले, असं आमच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या हिणवलं गेलंय. पोटात भूक असताना ज्यांनी विश्वास धरला, त्यांचा विश्वास भुकेच्याच नावावर लिहिला गेला. मी ठरवलं की या आडावर ते होऊ द्यायचं नाही. पत्र्याचा एक तुकडा घेतला आणि काळ्या रंगानं त्यावर लिहिलं: या आडाचं पाणी सगळ्यांचं आहे. दोर एक, पोहरा एक. इथं कोणाला जात विचारली जाणार नाही. इथं कोणाला धर्म सांगितला जाणार नाही.

वडिलांनी वाचलं. "शेवटची ओळ..." म्हणाले आणि थांबले.

"काय चुकलं तिच्यात?"

"काही नाही. रंग ओला आहे, हात लावू नकोस."

म्हातारी दोन दिवस आपला दोर काखेत धरून दूर उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं आमचा दोर ओढला. मला वाटलं, जे वडिलांना सायकल मारून मारून वर्षानुवर्षं जमलं नाही ते मी एका पत्र्यानं केलं. त्या नियमाबद्दल आजही मला लाज वाटत नाही. तो बरोबर होता. तो बरोबर होता म्हणूनच मी त्याच्यामागं लपू शकले.

आमच्या कंपाउंडाला लागूनच बौद्धवाडा. तिथं एक मावशी राहायच्या. आम्ही सगळ्या त्यांना मावशीच म्हणायचो. दुष्काळी कामावर खडी फोडायच्या. त्यांची मुलगी दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती. माझी एकच मैत्रीण म्हणावी अशी ती. तिचं लग्न हदगावकडं झालं. त्या फाल्गुनात सासरच्यांनी तिला एसटीत बसवून परत पाठवलं, सोबत एक पिशवी आणि छातीचा आजार. उदगीरच्या दवाखान्यात दाखवलं, गोळ्या झाल्या, सुया झाल्या, मग घरी न्या म्हणाले.

मी एकदा तिला भेटायला गेले होते. जाताना आजाऱ्यांसाठीची पत्रिका नेली होती.

ती हसली. "आणलास व्हय कागद? तू काय बदलायची न्हाईस."

"वाचून बघ तरी."

"डोळ्यापुढं अक्षरं नाचून राहिलेत गं. ठेव उशाला. तू बस जरा."

मी थोडा वेळ बसले, पत्रिकेतलंच थोडं बोलले, आणि रहाटाची वेळ झाली म्हणून उठले. मग पंधरा-वीस दिवस गेलेच नाही. आड सांभाळत होते ना मी.

वैशाखातली ती सकाळ. उन्हानं आठ वाजताच डोकं तापत होतं. रांग फाटकाच्या बाहेर गेलेली. मावशींची पाळी आली, घागर भरली, पण त्यांनी ती उचलली नाही.

"पोरी, एक काम हाय तुझ्याकडं."

"बोला की मावशी."

"तिला लई भ्या वाटून राहिलंय. रातरात डोळा लागत न्हाई. म्हणती, आठवीत ताप आला व्हता तवा तुमच्या घरी निजली व्हती, तर तुझ्या मायनं डोक्यावर हात ठिवून काय तरी म्हणलं व्हतं. तुमच्या देवाचं. तेवढं येऊन म्हण म्हणती. तुलाच बोलीव म्हणली."

मला ते दोन दिवस आठवले. पावसात भिजून आलेली ती, आमच्या बाजेवर, आईचा हात तिच्या कपाळावर. पण तेवढ्यात मागून आवाज आला. तीच म्हातारी. घागर खाली ठेवून, कमरेवर हात देऊन म्हणाली, "ऐका गं बायांनो. मी म्हणत न्हवते? निघालं का न्हाई बाहेर?"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी पाटीकडं बोट दाखवलं.

"मला कुठं वाचता येतंय, माय," मावशी म्हणाल्या.

मग मी ती वाचून दाखवली. मोठ्यानं, रांगेच्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. शेवटची ओळ दोनदा वाचली. आणि म्हणाले, "इथं फक्त पाणी मिळतं, मावशी. दुसरं काही नाही."

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाल्या. चुंबळ नीट केली, घागर डोक्यावर घेतली आणि गेल्या.

म्हातारीनं दोर ओढता ओढता मान डोलावली. "हाव, शब्दाची पक्की हाय पोरगी."

त्या एका वाक्यावर मी दिवसभर ताठ चालले. आज लिहायला लाज वाटते, पण ते खरं आहे.

कोणी विचारेल, आडावर नाही तर नाही, संध्याकाळी तिच्या घरी का गेली नाहीस? त्याचंही उत्तर मी तेव्हा तयार ठेवलं होतं. मावशी आमचं पाणी पितात. त्यांच्या घरी जाऊन देवाचं बोलले तर ते पाण्याच्या बदल्यातच झालं. उद्या गाव काय म्हणेल? मनातल्या मनात मी यावर एक पत्रिकाही लिहायला घेतली होती. तिची वाक्यं जमत होती. दुसऱ्या दिवशी मावशी पाण्याला आल्या नाहीत, शेजारणीनं त्यांची घागर नेली. तिसऱ्या दिवशीही शेजारीणच आली. मी तिला काही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी वडील ओट्यावर सायकलीचं पंक्चर काढत होते. मी त्यांना घडलेलं सांगितलं. कबुली म्हणून नव्हे, मी कशी डगमगले नाही याचं उदाहरण म्हणून सांगितलं. त्यांनी ट्यूब पाण्यात धरली होती, ती तशीच धरून ऐकत राहिले.

"तिनं तुझ्याकडं पाणी मागितलं होतं का?"

"नाही. पण बाबा, सगळी रांग बघत होती."

"रांग गेल्यावर?"

मी ट्यूबमधून निघणारे बुडबुडे बघू लागले.

"तीन दिवस झाले," ते म्हणाले. "मी गेलो असतो. पण तिनं मला बोलावलं नाही, तुला बोलावलंय."

मग मला तो प्रश्न सुचला, जो आडावरच सुचायला हवा होता. "बाबा, आई काय म्हणायची हो तेव्हा?"

त्यांनी ट्यूब खाली ठेवली. "मला काय माहीत. ती माझ्यासमोर कधी मोठ्यानं म्हणाली नाही. त्या वेळी तू होतीस ना घरात?"

होते. आई आतल्या खोलीत त्या तापलेल्या कपाळावर हात ठेवून बसली होती आणि मी बाहेर ओट्यावर कॉम्रेडला हरवायला बघत होते.

मी पिशवी घेतली आणि सवयीनं पेटी उघडली. वडील म्हणाले, "ते राहू दे. दोन मिनिटं इथं बस."

"उशीर झालाय, बाबा."

"म्हणूनच बस."

ते येऊन उंबऱ्यावर बसले, मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी हात मांडीवर उताणे ठेवले. माझ्या डोक्यात वाक्यांची रीघ लागली होती, एक गेलं की दुसरं तयार. ती सगळी चांगली होती आणि त्यांतलं एकही तिच्यासाठी नव्हतं. किती वेळ बसलो ठाऊक नाही. वाक्यं संपली नाहीत, पण ती माझी आहेत यावरचा माझा विश्वास थोडा कमी झाला. मग मी उठले. इतक्या वर्षांच्या सवाल-जवाबात तेवढीच माझी खरी तयारी झाली असेल, आणि तीही तीन दिवस शिळ्या बोलावण्यासाठी.

मावशी दारातच बसल्या होत्या.

"आलीस," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "दुपारपून बोलणं बंद झालंय तिचं."

आत पत्र्याखाली भट्टीसारखी धग होती. भिंतीवर तथागतांची तसबीर, खाली रॉकेलची चिमणी. ती भिंतीच्या कडेला निजली होती आणि तिच्या अंगावरचं लुगडं रिकाम्या जागेवर पसरल्यासारखं सपाट दिसत होतं. डोळे उघडे होते. श्वास वर यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. दुपारपर्यंत तिनं मला सांगितलं असतं की आई काय म्हणाली होती. ते माहीत असलेलं जगात तेवढंच एक माणूस उरलं होतं.

मी तिच्या कपाळावर हात ठेवला. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हे: "प्रिय मित्रा, मरण हा शेवट नव्हे." पत्रिकेचं पहिलं वाक्य. छापील, परक्या पुरुषाला उद्देशून लिहिलेलं. ते मला माझ्या कानांनी ऐकू आलं आणि मी थांबले. मावशी तिचे तळपाय चोळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मी आले गं," मी म्हणाले. "उशिरा आले. माफ कर."

मग म्हणाले, "आईचे शब्द मला माहीत नाहीत. तेव्हा मी ऐकलेच नाहीत. मला जे ठाऊक आहे ते सांगते."

काय सांगितलं ते इथं लिहिते, कारण पुढं मला ते पुन्हा सांगावं लागलं. मी म्हणाले, आई गेली तेव्हा मला फार भीती वाटली, अजून वाटते. मी म्हणाले, ज्याला मी देव मानते, त्या येशूलाही मरायच्या आदल्या रात्री भीती वाटली होती. इतकी, की घामानं भिजला. सोबतीला आणलेले झोपून गेले. तो एकटा होता. तरी तो मरणात शिरला, आणि मी मानते की तो तिथून उठला. म्हणजे तू जिथं चाललीस ती जागा त्याला माहीत आहे. तिथं तो आहे. तू एकटी नाहीस. याच्यापुढं मला काही ठाऊक नाही. आणि मग मी त्याला म्हणाले, हिला धर.

आमच्या सभांमध्ये अशा गोष्टींचा शेवट ठरलेला असतो. मरणारा हसतो, त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश येतो, तो हात जोडतो आणि सांगणाऱ्याला हल्लेलूया मिळतो. मी तशा कितीतरी साक्षी ऐकल्या आहेत आणि त्यांतल्या अर्ध्या तरी खोट्या असतील, असं मला वाटतं. माझी साक्ष एवढीच आहे की तिचे डोळे एकदा हलले. माझ्याकडं वळले की चिमणीच्या उजेडाकडं, मला सांगता येणार नाही. तिला ऐकू आलं की नाही, मला ठाऊक नाही. मी हात काढला नाही. दिवेलागण होऊन बराच वेळ गेला तेव्हा वडील मला न्यायला आले.

ती सकाळी गेली. त्याच सकाळी गावात पहिला टँकर आला. बोनेटला हार घातलेला, मागं पोरं पळतायत, बाया हंडे घेऊन पळतायत. बौद्धवाड्यातलेही पुष्कळ पळाले. त्यांना दोष कसा देऊ? तिरडी उचलायला माणसं जमेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. वाड्यातल्या ज्येष्ठांनी त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं. मी मागं उभी राहिले. ते तिचं होतं, तिच्या माणसांचं होतं, आणि त्यांनी ते वेळेवर म्हटलं. वडिलांनी एका बाजूला खांदा दिला. कोणी त्यांना अडवलं नाही.

पाच-सहा दिवसांनी मावशी पुन्हा खडीवर जायला लागल्या. मला त्या पाणंदीत भेटल्या, हातोडा फडक्यात गुंडाळून काखेत धरलेला. मी मान खाली घालून बाजूला झाले. त्या थांबल्या.

"चल माझ्यासंगट थोडं."

मी चालू लागले.

"त्या दिशी तू तिला काय म्हणलीस, ते मी समदं ऐकलं न्हाई," त्या म्हणाल्या. "माझं ध्यान तिच्या श्वासाकडं व्हतं. परत सांग."

आजूबाजूला कोणी नव्हतं. असतं तरी त्या दिवशी मी थांबले नसते. मी पुन्हा सगळं सांगितलं, जसं सांगितलं होतं तसं, एक शब्द न वाढवता. भीतीचं, घामाचं, झोपी गेलेल्या सोबत्यांचं, आणि ती जागा त्याला माहीत आहे ते. पाणंद संपायच्या आत माझं सांगून झालं.

"झालं?"

"हाव मावशी. झालं."

"तुझी मायबी असंच कायतरी म्हणली असंल."

"ठाऊक नाही."

खडीच्या ढिगाशी आलो. त्यांनी पदर खोचला, बोटांना चिंधी गुंडाळली, खाली बसल्या. एक दगड पुढं ओढला. मग हातोडा हातात धरून माझ्याकडं पाहिलं. त्या चिडलेल्या नव्हत्या, टोमणाही मारत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"इतकंच व्हतं, तर मग तीन दिस कामून लावलेस गं?"

त्या माझ्या उत्तरासाठी थांबल्या. मग त्यांनी दगडावर पहिला घाव घातला, आणि बाजूला सरक, कपची उडंल, म्हणाल्या.